मुठीचा तांदूळ

विमलाबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि त्या बघतच राहिल्या. भात वरून पार लगदा झाला होता आणि आत टणक दाणे तसेच होते. जन्मभर शेजारणींच्या भाताला नावं ठेवणाऱ्या बाईच्या चुलीवर हा असला भात!

दोष त्यांच्या हाताचा नव्हता. तांदूळ मुठीचा होता. शरणपूरच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांची एक रीत होती. भाताला तांदूळ काढताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. शनिवारी एकीनं झोळी घेऊन सगळ्यांचे डबे रिकामे करायचे आणि ज्या घरावर वाईट वेळ आली असेल, त्या घराच्या उंबऱ्यात झोळी गुपचूप ठेवून यायचं. पंधरा वर्षं ही झोळी विमलाबाईंनीच फिरवली होती. सगळ्यांचा तांदूळ एकात एक ओतताना त्या मोठ्या तोऱ्यात म्हणायच्या, "प्रभूच्या घरी जाडा-बारीक भेद नाही!" आता झोळी कुसाबाईकडे गेली होती, आणि आज सकाळी ती यांच्याच उंबऱ्यात येऊन बसली होती.

त्यांचे यजमान सावळीराम काविळीनं गेले, त्याला तीन महिने झाले होते. अख्ख्या मंडळीनं त्यांच्यासाठी उपास केले, गुडघे टेकले, तरी ते गेले. तेव्हापासून विमलाबाई देवळाची पायरी चढल्या नव्हत्या. प्रभूचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. पाळकसाहेब भेटायला आले, तर "तुमचा देव बहिरा आहे," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं होतं.

आता मात्र त्यांचं ठरलं. झोळी कुसाबाईच्या अंगावर टाकायची आणि मनमाडला भावाकडे कायमचं निघून जायचं. त्याआधी एकीला जाब विचारायचा होता. बहात्तरच्या दुष्काळात चिमणाबाईचा नवरा गेला, तेव्हा तिच्या उंबऱ्यात वर्षभर ही झोळी जात होती. विमलाबाईंनी पातेलं उचललं आणि त्या तरातरा तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सलाम, बाई. या की," चिमणाबाई म्हणाली.

"सलाम राहू दे. हे बघ."

चिमणाबाईनं पातेल्यात डोकावलं आणि तिला हसू आलं. "तसाच शिजवला व्हय?"

"मग कसा शिजवतात? खरं सांग, वर्षभर तू असलाच भात खाल्लास?"

"पयल्या दिवशी खाल्ला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही झोळी ठेवून मागं न बघता जायच्या. मी दाराआडून बघायची. येवढ्या मायेनं आणलेल्याला काय नावं ठेवू?"

विमलाबाई मटकन ओट्यावर बसल्या. पंधरा वर्षांत किती घरांत हा भात शिजला असेल, आणि एकीनंही तक्रार केली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग मी निवडायला लागली," चिमणाबाई सांगू लागली. "सूप घ्यायचं नि उन्हात बसायचं. जाडा इकडं, बारीक तिकडं. आख्खी दुपार जायची. देवाशी तर मी बोलतच नव्हती. पण सगळ्यांची भांडी मीच घासायची ना, कुणाच्या पातेल्यात काय शिजतं ते ठाऊक व्हतं. दाणा हातात आला की कळायचं, हा आंबेमोहोर यशोदाबाईचा, हा कोळपी सुलाबाईचा. मग तेवढं नाव घ्यायची. दुसरी प्रार्थना मला येतच नव्हती."

"आणि राग?" विमलाबाईंनी हळूच विचारलं.

"व्हता की. रागासकट निवडायची."

विमलाबाईंच्या मनात आलं, या बाईला आपण पाच-सहा वर्षं 'बिचारी' म्हणत आलो, आणि ही आपल्या कितीतरी पुढे निघून गेली होती.

त्या घरी जायला उठल्या, तशी चिमणाबाई आतून सूप घेऊन न विचारता त्यांच्यामागून चालू लागली. विमलाबाईंच्या अंगणात दोघी बसल्या. झोळीतला तांदूळ सुपात पडला. कुणाच्या घरचा दाणा कसा, हे विमलाबाईंनाही सांगावं लागत नव्हतं. भराभर ढीग पडू लागले. एक तांदूळ मात्र त्यांना ओळखू येईना. जाडा, पिवळट, वास येणारा.

"हा रेशनचा कुणाचा गं?"

चिमणाबाईनं मान खाली घातली. "माझा. तुमच्याकडं जाणार म्हणून पयल्यांदाच टाकला. मूठ लहान हाय, बाई."

सावळीराम गेल्यापासून जे डोळ्यांतून आलं नव्हतं, ते आता आलं. विमलाबाई सुपावर वाकून हमसून हमसून रडल्या. चिमणाबाईनं त्यांना 'उगी' म्हटलं नाही. ती शेजारी बसून निवडत राहिली. ऊन कलल्यावर ती कामाला गेली, सूप मात्र तिथंच ठेवून गेली.

विमलाबाई एकट्याच निवडत बसल्या. "यशोदाबाई," त्या पुटपुटल्या. "सुलाबाई. कुसाबाई. चिमणाबाई." दाण्यांमागून दाणे गेले, नावांमागून नावं गेली. सूप रिकामं झालं, तेव्हा एकच नाव घ्यायचं राहिलं होतं. तीन महिने ओठांवर न आलेलं.

विमलाबाईंनी प्रभूचं नाव रागानंच घेतलं. पण घेतलं.