कोल्ह्याचं तोंड

मिरजगावच्या माळावर तीन सकाळी पालथं पडून राहण्यात फुकट गेल्या. चौथ्या दिवशी कोल्हा बिळातून बाहेर आला, थेट माझ्या कॅमेऱ्याकडे बघत थांबला आणि मला हवा तो फोटो मिळाला. आनंदाच्या भरात सतरंजी आणि न्याहारीचं फडकं तिथंच टाकून मी भीमाबाईंच्या घरी पळत आले. माझा मुक्काम त्यांच्याकडेच होता.

फोटो बघितला मात्र, भीमाबाई दारातूनच ओरडल्या, "आरते, थांब! आदी कोल्ह्याचं तोंड बघ, मंग गाडीवर बस!"

त्यांची नात आरती पोलीस भरतीला नगरला निघाली होती. तिनं हसत फोटो बघितला. मग डेअरीला दूध घालायला निघालेल्या शेजारच्या पुंजारामांनी बघितला, आणि बघता बघता आख्खी आळी माझ्या कॅमेऱ्यापुढे रांगेत उभी राहिली.

दुपारी आरतीचा फोन आला. धावण्यात ती पहिली आली होती.

"बघितलंस? कोल्ह्याचं तोंड कदी वाया जात न्हाई," भीमाबाई म्हणाल्या. मग पुन्हा फोटोकडे बघून चुकचुकल्या.

"काय झालं?"

"आमचं समद्यांचं भलं झालं गं. पन त्या बिचाऱ्यानं सकाळी सकाळी तुझं तोंड बघितलं. त्याचा दिवस कसा गेला आसंल?"

मी फुरंगटून सतरंजी आणायला माळावर गेले. न्याहारीचं फडकं सुटलेलं होतं. भाकरीला कुणी तोंडही लावलं नव्हतं. उकडलेली चारही अंडी मात्र गायब होती.