कानसेनची ताई

"ताई, तीन मिनिटं. एकच गाणं. मग परत म्हणून तुझ्या मागे लागणार नाही."

ताईनं शर्टाच्या बाहीवरून इस्त्री फिरवली आणि शर्ट उलटा केला. "केस ओले आहेत रे."

"दुपारचे तीन वाजलेत. सकाळी न्हालीस तू."

"मग डोकं दुखतंय."

कानसेन हेडफोन हातात घेऊन तसाच उभा राहिला. हे नाव त्याला मित्रांनी ठेवलं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा चोवीस वर्षांचा पोरगा तो, पण वर्षभरापासून त्याला हेडफोनचं वेड लागलं होतं. दर रविवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर त्याच्यासारखे पाच-सहा जण जमायचे. प्रत्येकाचे हेडफोन वेगळे. एकमेकांचे घालून बघायचे, डोळे मिटायचे आणि मग गायिकेनं श्वास नेमका कुठे घेतला यावरून हमरीतुमरीवर यायचे.

हातातले हेडफोन आठवड्यापूर्वी आले होते. घरादाराला ऐकवून झाले होते. बाबांनी अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. पण रेडिओवरही हेच गाणं होतं की." आईनं आधी पंखा बंद करायला लावला, मग कान गरम होतात म्हणून कुरकुर केली, पण ऐकलं. शेजारचे काका तर काढून द्यायलाच तयार नव्हते. राहिली होती फक्त ताई. आणि खरं म्हणजे हा सगळा खटाटोप तिच्याचसाठी होता.

लहानपणी दोघांत मिळून एकच इअरफोन होता. डावी बाजू तिची, उजवी त्याची. वायर आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं लावूनच बसावं लागायचं. ती बोट वर करून म्हणायची, "आता बघ, मागून हळूच बासरी येईल." आणि यायची. ऐकायचं कसं, हे त्याला तिनं शिकवलं होतं. माळ्यावर कोणी त्याच्या कानांचं कौतुक केलं की तो सांगायचा, कान माझे नाहीत, ताईचे आहेत. तेच बासरीचं गाणं त्यानं कुठून कुठून शोधून, अगदी स्वच्छ आवाजातलं मिळवलं होतं.

आणि ताईचं रोज काहीतरी निमित्त. सोमवारी तिला यायला उशीर झाला. मंगळवारी "जेवताना नको". बुधवारी कामावरून आल्या आल्या ती न्हाणीघरात शिरली आणि नळ सोडून तासभर बसली. गुरुवारी त्यानं गमतीनं मागून जाऊन हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तर तिनं असा हात झटकला की ते उडून पडले. खाली पलंग होता म्हणून वाचले. त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं, याचाच त्याला जास्त राग आला.

"घालून बघायला तुझं जातं काय?" त्यानं विचारलं.

"काही जात नाही."

"मग?"

"नको वाटतं."

"का पण?"

"नको वाटतं म्हणजे नको वाटतं. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का?"

त्याचा संयम सुटला. "दिवसभर फोनवर परक्या लोकांचं ऐकून घेतेस. कोणाचा फ्रिज बंद पडला, कोणाचं मशीन गळतंय. ते तोंडाला येईल ते बोलतात, तेही गोडीनं ऐकून घेतेस. आणि सख्ख्या भावासाठी तुझ्याकडे तीन मिनिटं नाहीत. सरळ सांग ना, माझं काही ऐकायचंच नाही तुला."

बोलून गेल्यावर त्यालाच वाटलं, जरा जास्त झालं. पण शब्द मागे घ्यायची त्याची तयारी नव्हती. तो मान फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

ताईनं इस्त्रीचं बटण बंद केलं. शर्टाची घडी घातली, ती उद्याच्या कपड्यांवर ठेवली, हातानं एकदा दाबली. मग टेबलाजवळची खुर्ची ओढून तिच्यावर बसली.

"आण."

"मनापासून ऐकणार असशील तर."

"आण म्हटलं ना."

त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यानं शर्टाच्या टोकानं हेडफोनच्या गाद्या पुसल्या. दुकानात लोकांना नवा चष्मा बसवतो त्याच हलक्या हातानं तिचे केस कानांमागे सारले, हेडफोन नीट बसवले आणि पट्टी दोन खाचा सैल केली.

"डोळे मीट," तो म्हणाला.

तिनं मिटले. तो गाणं लावायला टेबलाकडे वळला.

मागे खुर्ची करकरली. त्यानं वळून पाहिलं. ताईची पाठ ताठ झाली होती. दोन्ही हात टेबलावर आले होते आणि बोटं रिकाम्या लाकडावर, टाईप करायच्या तयारीत, थबकली होती. ओठांच्या कडा वर गेल्या होत्या. असं हसू त्यानं घरात तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. गाणं अजून सुरूही झालं नव्हतं.

"नमस्कार," मिटल्या डोळ्यांनी ताई म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. बोला, मी ऐकते आहे."