एका माणसापुरते पॉइंट

"सर, तुमचे पॉइंट कमी झालेले नाहीत," हेल्पलाइनवाली तिसऱ्यांदा सांगत होती. "तिकिटाला लागणारे पॉइंट वाढलेत. एक तारखेपासून."

बायकोलाही ऐकू यावं म्हणून फिटरने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून स्पीकर लावला होता. नसता लावला तर बरं झालं असतं, असं आता त्याला वाटत होतं. समोर त्याची जाडजूड वही उघडी होती. तेवीस वर्षं तो कुठे कुठे लिफ्ट बसवत हिंडला. विमानाची तिकिटं कंपनीची, त्यावर मिळणारे पॉइंट त्याचे. प्रत्येक फेरीनंतर त्याने ते या वहीत उतरवले होते. शेवटचा आकडा एक लाख चाळीस हजार, आणि त्याखाली दोन रेघा.

"पण दोघांना मिळून एक लाख वीस हजार लागतात. मी लिहून ठेवलंय."

"ते मागच्या महिन्यापर्यंत, सर. आता एकाला जाऊन-येऊन एक लाख दहा हजार. आम्ही मेल पाठवला होता."

मेल आला होता, नाही कशाला म्हणा. विमानवाल्यांचा प्रत्येक मेल तो उघडायचा, शिल्लक किती तेवढी बघायचा आणि खूश होऊन बंद करायचा. त्या शिलकीतला एकही पॉइंट हलला नव्हता. सगळे जागच्या जागी होते आणि तरीही निम्मे गेले होते. कुणाच्या नावाने खडे फोडावेत तेही त्याला कळेना.

"कमी पडतात ते विकत मिळतात का?"

मिळत होते. हेल्पलाइनवालीने किंमत सांगितली. तेवढ्यात दोन साधी तिकिटं आली असती, आणि तेवढे पैसे असते तर तो इथे फोन लावून बसलाच नसता.

आज मंगळवार. गुरुवारी सकाळी लेकीचं ऑपरेशन होतं. पोटात गाठ होती. ती एवढ्या लांब एकटी राहत होती आणि काल फोनवर पहिल्यांदाच म्हणाली होती, "कुणीतरी या ना."

"किती वेळा म्हटलं, वापरून टाका," बायको म्हणाली. "लोणचं घालायचं होतं का त्यांचं? पोरगी धडधाकट असताना तरी भेटून आलो असतो."

विमानात शिरताना पुढच्या रुंद खुर्च्यांच्या मधून जावं लागतं. फिटर दरवेळी तिथून आपली पिशवी सांभाळत मागे जायचा आणि मनात म्हणायचा, हिला आणीन तर इथेच बसवीन. त्यासाठी अजून साठायला हवे होते. हे त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून तर हसंच झालं असतं.

"सर, उद्या सकाळच्या विमानात पॉइंटवाली एकच सीट आहे. शेवटच्या रांगेत. दहा मिनिटं धरून ठेवते. नाव कुणाचं घालू?"

"हिचं घाला."

"माझं?" बायको दचकली. "अहो, मी कधी बसलेय का विमानात?"

"तिला तू हवीयेस. आणि काही अवघड नसतं गं. मध्ये एकदाच विमान बदलायचं. सगळीकडे पाट्या असतात."

"पाट्या असतील. दिसायला नकोत?" चष्मा लावूनही तिला दोन हातांपलीकडचं धूसरच दिसायचं. समोरच्या बसचा नंबरही ती शेजारच्याला विचारायची.

फिटर फोनवर वाकला. "मॅडम, हिला हाताला धरून कुणी नेईल का? एका विमानातून दुसऱ्यात?"

"नेतात ना, सर. पण मध्ये पन्नासच मिनिटं आहेत, आणि ती सोय अठ्ठेचाळीस तास आधी सांगावी लागते." तिचा आवाज खाली आला. "माझ्या हातात असतं तर मी केलं असतं हो. चार मिनिटं राहिलीत."

त्याने वहीचं मागचं पान फाडलं, पेनने मोठा चौकोन काढला, त्यात दारं काढली, बाण काढले. इथे उतरायचं, इथून डावीकडे, मग सरकता जिना. बायको कागद नाकाशी धरून बघत राहिली. तिने तो उलटा धरला होता. फिटरने कागद हळूच तिच्या हातातून काढून घेतला.

"तुम्हीच जा," ती म्हणाली. "तुम्हाला सवय आहे."

त्याने स्वतःचं नाव सांगितलं. हेल्पलाइनवालीने जाण्याची तारीख सांगितली, परत येण्याची सांगितली, आणखी काही मदत हवी का म्हणून विचारलं. फिटरने दोन्ही तारखा वहीत लिहून घेतल्या आणि शिल्लक लिहिली, तीस हजार.

बायकोने लगेच लेकीला फोन लावला. याही वेळी स्पीकर लावला होता.

"मिळालं गं तिकीट. उद्या सकाळचं."

"आई! तू येतेयस?"

"बाबा येतायत."

"बरं," लेक म्हणाली. आणि तिच्या लहानपणी फिटर घरी आला की बॅग खाली ठेवायच्या आत दारातच विचारायची, तेच तिने विचारलं.

"परत कधी जाणार?"

तारीख फिटरच्या समोर लिहिलेली होती. त्याच्याने ती वाचवेना.