गळकी सुरई

तोसेनं सुरई कापडातून सोडवली, कुमेजीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "गळतेय. परत."

त्या 'परत'नं कुमेजीचं डोकंच उठलं. चाकावरचा प्याला काठाशी वाकडा झाला. ही बाई हागीच्या बंदरावर मासे विकायची आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल एवढा तिचा आवाज. दर हिवाळ्यात ती ही सुरई घेऊन यायची आणि दर वेळी कुमेजी तेच सांगायचा. इथली माती भुसभुशीत, झिलईला केसासारखे तडे जातात, जायलाच हवेत. नवी सुरई पाझरतेच. तिच्यात रोज साके, आपली तांदळाची दारू, भरा, रोज प्या. साके तड्यांत मुरते, तडे बुजतात, भांड्याला गुलाबी रंग चढतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. तोसेच्या मात्र डोक्यात शिरत नव्हतं. बदलून दुसरी देतो म्हटलं तर तेही नको. हीच हवी, आणि न गळणारी हवी.

बरं, गप्प तरी बसावं. मासे तोलता तोलता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला कुमेजीची झिलई कशी बोगस आहे ते सांगायची. होता होता ते क्योतोपर्यंत पोचलं. तिथल्या एका मोठ्या दुकानाचे निवा-सान वसंतात माल बघायला येणार होते. त्यांनी माल उचलला तर भट्टी जगणार होती, नाही तर कुमेजीला उतारवयात सिमेंटच्या कारखान्याची वाट धरावी लागणार होती. त्यांचा निरोप आला होता, झिलईबद्दल काहीबाही कानावर आलंय, समक्ष बोलू.

"ठेवून जा," कुमेजी खेकसला.

ती गेल्यावर सुरई भिंतीवर फेकावी असं त्याला मनापासून वाटलं. त्याऐवजी त्यानं ती नाकाशी नेली. वास नाही. खिडकीच्या उजेडात धरली. तडे पांढरे स्वच्छ, भट्टीतून काल काढल्यासारखे. म्हणजे साकेचा थेंब यात कधी पडलाच नव्हता. न वापरता ही बया आपल्या नावानं शंख करत होती. कुमेजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मातीचे हात तसेच ठेवून तो सुरईसकट तडक बंदरावर गेला.

"यात साके कधी घातलीच नाहीत तुम्ही," तो चारचौघांत म्हणाला. "मग मुरणार कशी ती? आणि माझी बदनामी?"

तोसे माकूल साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. "इसामु आल्याशिवाय कशी घालू? त्यानं पहिल्या पगारात घेतली ती. परत आलो की पहिली साके मीच तुला ओतीन, म्हणून गेलाय. मी आपली पाणी भरून बघते. त्या दिवशी गळायला नको."

शेजारच्या बायका आपापल्या टोपल्यांत बघू लागल्या. तिच्या मुलाची, इसामुची, बोट कधीच परत आली नव्हती. त्या बोटीवरच्या बाकी सगळ्यांच्या घरी फोटो मांडून उदबत्त्या लागल्या होत्या. तोसेच्या घरी लागली नव्हती.

कुमेजीला स्वतःचीच भयंकर चीड आली. "बघतो काय करता येतं," एवढं पुटपुटून तो सुरई घेऊन तसाच परत आला.

आधी त्यानं ती भाताच्या पेजेत उकळून पाहिली. चार दिवस थांबली, पुन्हा पाझरली. मग उपाय एकच उरला. साकेची भांडी घडवण्यात जन्म घालवलेल्या कुमेजीला साके अजिबात सोसायची नाही. दोन घोटांत त्याचं तोंड उकडलेल्या खेकड्यासारखं व्हायचं आणि सकाळी डोकं ठणकायचं. तरी त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तो सुरई भरून पीत बसू लागला. बायकोनं, फुसाएनं, आधी टोमणे मारले, मग म्हातारपणी हे काय थेर म्हणून भांडली, मग बोलणंच टाकलं. तो कुणाला काही सांगेना. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत बंदरावर पोचलं असतं, आणि पहिली साके कुणी प्यायली ते तोसेला कळलं असतं.

वसंत येईतो सुरई गळायची थांबली. तड्यांवर फिकट गुलाबी झाक आली. त्यानं ती धुऊन उन्हावाऱ्यात ठेवली, वास पार जाऊ दिला आणि तोसेला निरोप धाडला.

ती आली तेव्हा निवा-सान नेमके भट्टीवरच होते. कुमेजी त्यांना झिलईचंच समजावत होता, आणि त्यांना ते जवळजवळ पटलं होतं. तोसेनं कुणाकडे न बघता सुरईत पाणी भरलं, कागदावर ठेवली आणि समोर बसून राहिली. बऱ्याच वेळानं उचलली. कागद कोरडा होता.

"थांबली," ती म्हणाली. मग सुरई डोळ्यांशी नेली. "पण हा रंग कसला? आणि इतकी वर्षं का गळत होती?"

निवा-सानही ऐकायला वळले. खरं सांगितलं असतं तर झिलईवरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता आणि माल क्योतोला गेला असता. तोसे सुरई छातीशी धरून उत्तराची वाट बघत होती.

"पुन्हा भाजली, म्हणून रंग बदलला," कुमेजी म्हणाला. "तुमचंच खरं होतं, तोसे-सान. माझी झिलईच कच्ची होती."