शिंगाच्या मुठीचा चाकू

टक्.

आजोबांचा पेपर हातातच राहिला. आवाज बंद दाराआडून आला होता, आणि तो कशाचा हे कळायला त्यांना दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. शिंगाच्या मुठीचा, माळ्याचा कलमं करायचा चाकू. अर्धा उघडलेला.

टक्. आता पूर्ण.

"आजोबा, ओळखा कुठला!" आतून ठकी ओरडली.

आजोबा उठले ते खुर्ची पाडूनच. दार ढकललं, तर आतून कडी. ओळखणाऱ्याने बघायचं नाही, नुसतं ऐकायचं, हा खेळाचा नियम. नियम करणारे आजोबाच. घडीचे चाकू जमवायचं वेड त्यांना. छप्पन चाकू खणात मखमलीवर मांडलेले आणि प्रत्येकाचा उघडण्याचा आवाज निराळा. घरात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं, पाच वर्षांच्या नातीला होतं. मग काय, आमचे हे उंटावरचे शहाणे आजोबा रोज दुपारी तिला पाठमोरी बसवून चाकू उघडायचे आणि विचारायचे, ओळख कुठला. बरोबर आला की तो मिटून पुढचा. चुकली की तोच मिटून पुन्हा उघडायचा. ठकी सात चाकू नुसत्या कानाने ओळखायला लागली, तेव्हा म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं होतं. खणाची किल्ली मात्र ते कधी विसरत नसत. आज विसरले.

खुर्चीचा आवाज ऐकून सूनबाई ओल्या हातांनी धावत आली.

"काय पडलं, बाबा?"

"ठकीच्या हातात चाकू आहे," आजोबा कुजबुजले. "उघडा."

तिने दारावर मारायला मूठ उगारली. आजोबांनी ती वरच्या वर धरली.

"नको! दचकली तर हातातच मिटेल."

तो चाकू उघडताना गरीब गाईसारखा, मिटताना मात्र चावरा. अर्ध्यावर येईपर्यंत निमूट यायचा, आणि मग आतली स्प्रिंग पातं असं खेचून घ्यायची की बोट काढायला सवड नसे. आजोबांच्या अंगठ्याला एकदा चार टाके पडले होते, आणि त्यांचा अंगठा म्हणजे जन्मभर कुलुपं दुरुस्त करून लाकूड झालेला. ठकीचं बोट ते केवढंसं. जन्मभर लोकांची कुलुपं उघडून दिली आणि घरच्या साध्या कडीपुढे त्यांनी हात टेकले होते. खांदा मारून कडी तुटली असती, पण ते धाडकन उघडणारं दार पाहून पोर जागची उडाली असती.

"ओळखा ना लवकर! हात दुखतोय माझा."

बरोबर सांगावं तर ती चाकू मिटणार. चूक सांगावं तरी मिटणार, पुन्हा ऐकवायला. इकडे आड, तिकडे विहीर.

"ठकूताई, तो खाली ठेव बघू आधी."

"असं नसतं. आधी ओळखा."

सूनबाईने पदराचा बोळा तोंडात धरला होता. आजोबांनी डोळे मिटले आणि तेव्हा कुठे त्यांना तिसरा नियम आठवला. हरलो म्हटलं की चाकू उघडाच कापडावर ठेवायचा, हात पाठीमागे घ्यायचे आणि हरणाऱ्याला बघायला बोलवायचं. तो नियम त्यांनी ठकीसाठी केला होता. स्वतःवर अशी पाळी येईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"हरलो," आजोबा म्हणाले.

"खोटं! हा तर मला पण येतो."

"आज नाही आला गं. कान म्हातारा झाला."

"मग थांबा, पुन्हा ऐकवते."

"नको!"

ते फारच मोठ्यांदा निघालं. आत काहीच हललं नाही. सूनबाईची नखं त्यांच्या दंडात रुतली. आजोबांनी दारावर कपाळ टेकवलं.

"हरलेल्याला पुन्हा ऐकवायचं नसतं," ते हळू आवाजात म्हणाले. "नियम कुणी केलाय?"

"तुम्ही."

"मग?"

ठकीने विचार केला. तिच्या विचार करण्यात आजोबांचं एक वर्ष गेलं.

"आधी म्हणा, ठकी माझ्यापेक्षा हुशार."

"ठकी माझ्यापेक्षा हुशार."

"आईला ऐकू जाईल असं."

"ठकी माझ्यापेक्षा हुशार! ठेवलास?"

"ठेवला."

"हात?"

"मागे."

"आता कडी काढ. चाकूकडे वळायचं नाही."

कडी सरकली. चाकू कापडावर उघडा पडला होता. आजोबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते खाली बसले, नातीचे दोन्ही हात पुढे ओढून घेतले आणि बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजायला गेले, तर आकडाच फुटेना. ते हुंदके देऊन रडायला लागले, आणि सूनबाई भिंतीला धरून खाली बसली.

ठकीने आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि त्यांच्या टकलावरून फिरवला.

"हरलं की रडायचं नसतं, आजोबा," ती म्हणाली. "उद्या सोपा घेईन हं."