रणगाड्याचा मान

वळ गावच्या घरात भाविक आणि त्याची बायको निशा मोबाईलवर एकाच टीममधून लढाईचा गेम खेळत होते. निशानं रणगाडा निवडला, तसा टीमचा कॅप्टन भाविक ओरडला, “तो सोड! रणगाडा सीनियरचा. तुझी रँक जीपची.”

“अरे, चालवता कुणाला येतो ते बघ ना. रँक काय बघतोस?”

“न्हाय! नियम म्हंजे नियम.”

दुसऱ्या दिवशी भाविकची नवीकोरी ऑटोमॅटिक गाडी दारात आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. भाविक ऐटीत स्टिअरिंगकडे निघाला, तर आईनं त्याच्या हातातली चावी काढून घेतली आणि त्याच्या वडिलांना, दाजींना दिली.

“पयला मान यांचा. घरात मोठं कोन हाय?”

दाजींनी आयुष्यात फक्त बैलगाडी हाकलेली. भाविकनं घाबरून निशाकडं पाहिलं.

“नियम म्हंजे नियम,” निशा म्हणाली आणि दोन पावलं मागं सरकली.

लिंबू चिरडून गाडी तशीच शेजाऱ्यांच्या कंपाउंडकडे निघाली. काचेतून दाजींची हाक आली,



“भाविक, हिचा कासरा कुठं हाय रं?”