पक्कं काम

ऑर्विलने खड्ड्याच्या तळावर बुटाची टाच दोनदा आपटली आणि वर काठावर उभ्या असलेल्या रोवेनाकडे मान उंच करून पाहिलं. "बघ पोरी, काम कसं पक्कं झालंय! ट्रक नाचव इथे, जागचं हलायचं नाही."

रोवेना काठावर वाकून तळ बघू लागली. कामावर देखरेख करायला नगरपालिकेने तिला नेमलं होतं. खड्डा बरोबर की चूक, हे तिनेच सांगायचं होतं.

"उस्ताद, तळ कशाने चोपलात?"

"धुमसाच्या यंत्राने. गेल्या शनिवारी एकटाच आलो, घरून यंत्र घेऊन. तू म्हणाली होतीस ना, जड मशीन खड्ड्यात घालू नका म्हणून? नाही घातलं. विचार या सिओनेला, खोदणारं मशीनसुद्धा रस्त्यावरच उभं होतं. पण म्हणून तळ असा भुसभुशीत सोडून जायचा? माझ्या जिवाला लागलं असतं ते."

उभा जन्म या माणसाने टकोमा शहराचे रस्ते बांधले. खालची माती सुटी राहिली की वरचा रस्ता बसतो, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. पण हा रस्ता नव्हता. रस्त्यावरचं पावसाचं पाणी टायरांचा भुगा आणि तेल घेऊन या खड्ड्यात यायचं होतं. वर वाळू-खताची माती पडणार, त्यात झाडं लागणार, आणि पाणी त्यातून गाळत गाळत जमिनीत मुरणार. मुरलं नाही तर भरून वाहणार, गटारातून थेट एल्डर ओढ्यात. ओढ्यात याच दिवसांत समुद्रातले कोहो मासे अंडी घालायला वर चढतात. गेल्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर ते रस्त्यावरच्या त्या पाण्याने मरून, अंड्यांनी भरल्या पोटाने उलटे तरंगत होते. ऑर्विल नातीला मासे दाखवायला घेऊन गेला होता. पोरगी रडत घरी आली.

म्हणून तर त्याने निवृत्तीआधीचं शेवटचं काम हेच मागून घेतलं. उद्या गल्लीतली माणसं झाडं लावायला येणार होती. नातही येणार होती. उद्यापासून ऑर्विल घरी.

"तळात पाणी सोडून बघू या," रोवेना म्हणाली.

"सोड की! भितो काय मी?"

मागे बसलेल्या गड्यांतून सिओने उठला आणि त्याने पाण्याच्या टाकीचा पाइप खड्ड्यात सोडला. घोटाभर पाणी साचलं तसं रोवेनाने पाण्याच्या रेषेवर, खड्ड्याच्या भिंतीत एक खिळा टोचला. ऑर्विलने डोनटचा खोका उघडला, मेपलचा पाक लावलेले. "खा गं. सरकारी नोकरीत माणसं सुटतात, तू उलटी वाळलीस."

डोनट संपले. कॉफी निवली. पाणी खिळ्यापासून केसभरही ढळलं नव्हतं. वरून एक पिवळं पान पडलं, ते पडलं तिथेच तरंगत राहिलं.

"आयला, थेंबही मुरला नाही," सिओने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मुरेलच कसा!" ऑर्विल हसला. "माझ्या हाताखालून गेलेल्या मातीत पाण्याची काय टाप..."

हसू अर्ध्यावरच राहिलं. बराच वेळ तो त्या पानाकडे पाहत होता. मग वर चढून रोवेनाजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "रोवेना, उद्या झाडं लावू दे. सोमवारी नवा मुकादम येईल, तो काय ते निस्तरेल."

"झाडं उपटून?"

"कुणाला कळतंय खालचं?"

"आज रात्री पाऊस आहे, उस्ताद. उद्याही आहे."

"एका पावसाने काय होतंय?"

"तुम्हीच सांगा. ओढ्यावर तुम्ही पाहून आलात."

त्याने मान खाली घातली. रोवेनाला वाटलं, याने शिव्या दिल्या असत्या तर बरं. रस्त्याच्या कामावर ती पहिल्यांदा आली तेव्हा पोरं तिची टिंगल करत होती. याने आपला रेनकोट तिच्या अंगावर टाकला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं, "हिच्या वाटेला जाल तर माझ्याशी गाठ आहे." आता त्याच माणसांसमोर त्याला नाही म्हणायचं होतं.

"नाही उस्ताद. याला मी हो म्हणणार नाही. तळ फोडावा लागेल, हातभर खोल."

"मशीन सकाळीच दुसऱ्या कामावर गेलं."

"मग उद्याचं पुढे ढकलू."

"आणि मी? मी तेव्हा कुठे असणार?" त्याने मागे बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. "शेवटच्या दिवशी नाक कापलंस पोरी माझं."

तो ट्रककडे चालू लागला. गेला म्हातारा, असंच सगळ्यांना वाटलं. परत आला तो एका हातात बादली, दुसऱ्यात टिकाव. सिओने उठायला लागला, तर त्याने नुसत्या नजरेने त्याला खाली बसवलं. बादलीने पाणी उपसलं. पान उचलून काठावर ठेवलं. मग हातावर थुंकून टिकाव उगारला.

पहिला घाव ठणकन उडाला. दुसराही. तिसऱ्याला नखाएवढी ढेकळी सुटली. बारीक पाऊस धरला होता. रोवेनाने ट्रकमधून दुसरा टिकाव काढला आणि ती खड्ड्यात उतरली. तिने पाठ वाकवून घाव घातला. हात खांद्यापर्यंत झिणझिणले, माती तशीच.

ऑर्विल धापा टाकत थांबला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बघ पोरी, काम कसं पक्कं झालंय."